मानपत्र आणि मस्टर

मंडळी, व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा ‘स्मिता पाटील यांना मिळालेले पुरस्कार’ असे आम्ही सांगितले, आणि चालक क्षणभर गप्पच बसले. त्यांची अपेक्षा किमान वेतनाची होती. फार तर कंत्राटी मजुरांची. यात त्यांचे काही चुकले नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात फुग्यांचे कारखाने, वीटभट्ट्या, चिकूच्या वाड्या असे हिंडत कामगारांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली. शाळा आठवीतच सुटली. पुढचे वाचन वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात, तारखेचा पुकारा होण्याची वाट पाहता पाहता झाले. अशा माणसाला सिनेमातले काय कळणार?

सिनेमातले फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण पुरस्कार ही गोष्ट आम्हांला थोडीफार कळते. कोणते काम लिहिले गेले, ते कोणाच्या नावावर लिहिले गेले आणि कोणते काम झाले असूनही लिहिलेच गेले नाही, हे शोधणे हाच आमचा धंदा आहे. मस्टर वाचण्याची सवय लागलेला माणूस मानपत्रही त्याच डोळ्यांनी वाचतो. स्मिताबाईंच्या मानपत्रांत आम्हांला जे दिसले तेवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

आधी साधी हकीकत. स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातले, शिरपूरकडचे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले आणि पुढे राज्यात मंत्री झालेले. आई विद्याताई समाजकार्यात होत्या. सभा, मोर्चा, खादी आणि वादविवाद यांचा वारा त्या घरात लहानपणापासून होता. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत ही सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी मराठी बातम्या वाचू लागली. श्याम बेनेगल यांनी तिला पाहिले आणि १९७५ साली ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ असे दोन चित्रपट तिच्या हाती आले. पुढच्याच वर्षी आला ‘मंथन’.

‘मंथन’पाशी थोडे थांबतो, कारण या चित्रपटाचे भांडवल कोणा शेठजीचे नव्हते. आपल्या सीमेपलीकडच्या गुजरातेतल्या पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि त्या दहा लाखांतून तो उभा राहिला. वर्गणीची पावतीपुस्तके बगलेत मारून फिरलेल्या आमच्यासारख्यांना हा आकडा ऐकून धन्य वाटते. स्मिताबाईंनी त्यात बिंदू नावाची गावची बाई केली. चित्रीकरण पाहायला आलेली माणसे नायिका कोठे आहे म्हणून विचारू लागली, आणि नायिका तेथेच गावच्या बायकांमध्ये जमिनीवर बसलेली होती, अशी एक गोष्ट सांगतात. बिंदूच्या भूमिकेबद्दल स्मिताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. पण त्यांच्या कामाची जात येथे ठरली. त्यांची बाई नटून उभी राहत नाही. ती काम करताना दिसते. २०२४ साली हाच चित्रपट दुरुस्त करून फ्रान्समधील कान येथील महोत्सवात पुन्हा दाखवण्यात आला, तेव्हा दोन-दोन रुपये घातलेल्यांपैकी कितीजण ते ऐकायला हयात होते कोण जाणे.

आता पहिला मोठा मान. १९७७ सालच्या ‘भूमिका’ या चित्रपटासाठी स्मिताबाईंना उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वय अवघे बावीस. या मानपत्रावर नाव एकीचे आहे, पण त्यामागे राबणे दोघींचे आहे. ‘भूमिका’ ही कथा हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून घेतलेली. हंसाबाईंचा जन्म १९२३ सालचा. ‘विजयाची लग्ने’ १९३६ सालचा. म्हणजे ज्या वयात मुली परकर नेसून सागरगोटे खेळत, त्या वयात ही मुलगी घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे उभी होती. पुढे ‘संत सखू’ झाला, ‘रामजोशी’ झाला. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. एवढ्या आठवड्यांची तिकिटे ज्या बाईच्या जोरावर खपली तिच्या स्वतःच्या हातात काय उरले, हे तिच्या पुस्तकातच वाचावे. कारखान्यात राबणाऱ्या आणि पगाराचे पाकीट घरी दुसऱ्याच्या हातात देणाऱ्या किती तरी बाया आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून ते पुस्तक वाचताना आम्हांला ते सिनेमाचे पुस्तक वाटलेच नाही.

हंसाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार का मिळाला नाही? याचे उत्तर त्यांच्या गुणात नाही, रजिस्टरच्या रकान्यात आहे. सरकारने चित्रपटांना पारितोषिके देणे १९५४ साली सुरू केले, आणि पहिले सुवर्णपदक आपल्या आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. पण मान होता तो चित्रपटाचा. श्यामची आई ज्यांनी उभी केली त्या वनमालाबाईंसाठी त्या कागदावर जागाच नव्हती. अभिनयाचा रकानाच आखलेला नव्हता. तो आखला गेला १९६७ सालच्या चित्रपटांपासून, आणि अभिनेत्रीचा पहिला मान नर्गिस यांना ‘रात और दिन’साठी मिळाला. तोपर्यंत हंसाबाईंचा बहराचा काळ सरला होता. १९७१ साली त्या गेल्या. सहा वर्षांनी त्यांचे आयुष्य पडद्यावर जगून दाखवणाऱ्या मुलीला तो मान मिळाला. स्मिताबाईंनी त्या पुरस्काराची रक्कम स्वतःपाशी ठेवली नाही, धर्मादायाला दिली. ते चांगलेच झाले.

दुसरा राष्ट्रीय पुरस्कार १९८० सालच्या ‘चक्र’साठी. रवींद्र धर्मराज हे त्याचे दिग्दर्शक. चित्रपट पुरा केल्यावर ते फार दिवस जगले नाहीत. मूळ कादंबरी आपल्या जयवंत दळवींची, १९६३ सालची. गाव सुटलेली, मुंबईच्या झोपडपट्टीत मुलाला वाढवणारी अम्मा स्मिताबाईंनी केली. राष्ट्रीय मानाबरोबर फिल्मफेअरचाही मान आला, आणि १९८१ साली स्वित्झर्लंडमधील लोकार्नोच्या महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण बिबळ्याचे पारितोषिक मिळाले. यशच यश!

पण याच चित्रपटाची एक जाहिरात होती. अम्मा उघड्यावर, नळाखाली अंघोळ करते असे एक दृश्य चित्रपटात आहे. झोपडपट्टीतली बाई उघड्यावर न्हाते, कारण तिला भिंत नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्यापाऱ्यांनी नेमके तेच दृश्य उचलून गावोगावच्या भिंतींवर मोठे करून चिकटवले. या प्रकाराने स्मिताबाईंना संताप आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. आपल्याकडच्या वीटभट्टीवर कधी गेलात तर चार बांबूंना जुने लुगडे गुंडाळून केलेली न्हाणी दिसेल. ते लुगडे कोणी ओढून काढावे आणि वर पाहण्याचे तिकीट लावावे, तसे ते झाले. दिल्लीत त्याच भूमिकेला सन्मान आणि बाजारात तीच भूमिका उघडी करून विकलेली. दोन्ही एकाच वर्षाच्या आगेमागे, एकाच बाईच्या वाट्याला. मानपत्राने बाजार बदलत नाही. आमच्याकडेही उत्कृष्ट कामगार म्हणून सत्कार झालेल्या माणसाला पुढच्या महिन्यात घरी बसवल्याची उदाहरणे आहेत. असो.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला तेथे येतो. याच १९८० सालात स्मिताबाईंनी आणखी एक भूमिका केली. चित्रपट ‘आक्रोश’, दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे, लेखन विजय तेंडुलकरांचे. लहान्या भिकू नावाचा आदिवासी मजूर. बायको नागी हिचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. खरे म्हणजे गावातल्या मातब्बरांनी तिच्यावर अत्याचार केला आहे आणि मेली तीही त्यांच्यामुळेच. आणि आता तेच संभावित म्हणून मिरवत आहेत. लहान्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो, पण लहान्या एक अक्षर बोलत नाही. सबंध चित्रपट तो गप्प आहे. शेवटी बापाला अग्नी देण्यासाठी त्याला बेड्या घालून आणतात, तेव्हा तेथल्या माणसांच्या नजरा आपल्या बहिणीवर पडलेल्या त्याला दिसतात. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो, आणि मग ओरडतो. नागी म्हणजे स्मिताबाई. ती मेल्यावर गोष्ट सुरू होते. त्यामुळे ती दिसते फक्त नवऱ्याच्या आठवणीत, थोडा वेळ, जवळजवळ शब्दांवाचून.

‘आक्रोश’ला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८१ सालच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. फिल्मफेअरचे मान निहलानींना, तेंडुलकरांना, वकील झालेल्या नसीरुद्दीन शहांना आणि लहान्या झालेल्या ओम पुरींना मिळाले. सगळे योग्यच होते. त्यांतला एकही मान आम्ही काढून घेणार नाही. नागीला कोणताच मिळाला नाही. आम्ही हे तक्रार म्हणून सांगत नाही. एवढी लहान भूमिका पुरस्काराच्या नियमात बसतही नसेल. पण मस्टर वाचणाऱ्याच्या डोळ्याला ती रिकामी जागा खुपते खरी. जिच्यावाचून गोष्टच झाली नसती, तिची हजेरी लागलेली नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर आम्ही तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर पांढरे धोतर बांधून ‘आक्रोश’ दाखवला. यंत्र भाड्याचे, जनरेटर उसना. आमच्या मनात त्यामागे मोठा विचार होता. लोकांना आपलेच जिणे पडद्यावर दिसेल, ते पेटून उठतील, वगैरे. चित्रपट संपला. पुरुष मंडळी विड्या पेटवून उठली. एक म्हातारी मात्र जागची हलली नाही. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने विचारले, “भाऊ, ती बाई चांगली होती. कामाची होती, चालण्यावरून कळते. पण तिला आणि तिच्या नवऱ्याला बोलता का येत नव्हते? आमच्या माणसांनी तर बोलून दाखवले होते.”

आम्ही गार झालो. कारण म्हातारी म्हणत होती ते इतिहासाला धरून होते, आणि तिला इतिहास शिकवायला आलेले आम्ही ते विसरलो होतो. याच तलासरीतल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. त्याआधीची स्थिती काय होती ते सरकारी कागदावरही आहे. १९३९ सालचा सायमिंग्टन अहवाल पाहावा. लग्नाच्या खर्चासाठी काढलेल्या चार पैशांपायी माणूस सावकाराचा लग्नगडी होई, आणि गडी तो एकटा होत नसे, त्याची बायकोही सावकाराच्या वाड्यात बांधली जाई. नागी ही तेंडुलकरांनी कल्पनेतून काढलेली बाई नव्हे. आपल्या या मातीत अशा नाग्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. पण १९४५ साली त्यांची माणसे बोलली. कशाविषयी? पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये हवेत, याविषयी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच आदिवासी मारले गेले. जेठ्या गांगड हे नाव आजही तेथे घेतले जाते. म्हातारी त्या वेळी पोटातही नसेल. पण तिच्या घरात ती गोष्ट सांगितली गेली होती.

म्हणजे ‘आक्रोश’ खोटा का? तसे आम्ही म्हणणार नाही. बोललेला माणूस पुन्हा गप्प बसवला जातो, हेही आम्ही पाहिले आहे. संप मोडल्यावर कोर्टात साक्षीला उभा राहिलेला माणूस, काल आमच्यापाशी तास तास बोललेला, वकिलाच्या साध्या प्रश्नाला छताकडे पाहत राहिल्याचे आम्हांला आठवते. त्या चित्रपटात एक कार्यकर्ताही आहे. त्याचे काम नाटककार महेश एलकुंचवार यांनी केले आहे. पुढे पुढे तो बेपत्ताच होतो. धंद्याने आम्ही त्याचे भाऊबंद, म्हणून आम्हांला त्याची काळजी लागून राहिली. इतर प्रेक्षकांना तो आठवतही नसेल. तरीसुद्धा म्हातारीचा प्रश्न खोडता येत नाही. शहरातल्या सुजाण माणसाला आदिवासी गप्प असलेलाच अधिक भावतो काय? गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली लिहिले, त्याला १९७२ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यात बोलणारे, भांडणारे, हसणारे वारली पानापानावर आहेत. सुवर्णमयूर मिळाला तो लहान्याच्या मौनाला. दोन्ही मान खरे आहेत. दोन्ही समोरासमोर ठेवून पाहण्यासारखे आहेत.

आणि तरी म्हातारीने एक गोष्ट आपणहून दिली होती: ‘कामाची होती, चालण्यावरून कळते.’ डोक्यावर भारा घेऊन आयुष्य काढलेल्या बाईने पुण्यामुंबईत वाढलेल्या, मंत्र्याच्या घरच्या मुलीबद्दल दिलेली ही पावती आहे. नागीची हजेरी कोठे लागली असेल तर ती तेथे लागली.

यानंतरचे मान भराभर सांगतो. ‘उंबरठा’ हा जब्बार पटेल यांचा चित्रपट १९८२ सालचा. त्यातली महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा महाजन आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, स्मिताबाईंना राज्याचे. १९८५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. मधल्या काळात ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ असे धंदेवाईक चित्रपटही त्यांनी केले, त्याबद्दल काही समीक्षकांनी नाके मुरडली. आम्ही मुरडणार नाही. भट्टीचा हंगाम संपला की माणूस नाक्यावर उभा राहतो. कलेच्या चित्रपटाला हात आखडून मिळणाऱ्या पैशांवर संसार कसा चालावा, हे समीक्षक सांगत नाहीत.

१३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत स्मिताबाई वारल्या. वय एकतीस. मुलगा झाल्याला अवघे दोन आठवडे झाले होते. बाळंतपणानंतरचे दुखणे वाढत गेले. आम्ही तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, एका चिकूच्या वाडीत रोजाने जात होतो. रेडिओवर बातमी आली तेव्हा वाडीतल्या बायांनी हातातले काम थांबवले. बाई बाळंतपणात गेली, एवढेच त्यांनी ऐकले होते. नटी कोण, तिचे चित्रपट कोणते, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. ‘पोर जगले का?’ हा पहिला प्रश्न झाला. जगले, असे कोणीतरी सांगितले, तेव्हा त्या पुन्हा फळांकडे वळल्या. बाळंतपणातले मरण म्हणजे काय हे पाड्यावरच्या बायांना समजावून सांगावे लागत नव्हते.

त्यांच्या मरणानंतर, १९८७ साली, केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ पडद्यावर आला. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, सहायक अभिनेत्याचा सुरेश ओबेरॉय यांना मिळाला. अभिनेत्रीचा राष्ट्रीय मान स्मिताबाईंना त्या वर्षी नव्हता. आज राज्य सरकारचा अभिनेत्रीसाठीचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, २०१३ साली टपाल खात्याने त्यांचे पाच रुपयांचे तिकीटही काढले. पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम या शेवटच्या चित्रपटांतलेच आहे.

गोष्ट साधी आहे. इंग्रजी अमदानीतला एक सुभेदार सोनबाईवर डोळा ठेवतो. ती त्याला थोबाडीत मारते आणि पळत मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबूमियाँ दार लावून घेतो. आत सोनबाई आणि मिरची कुटणाऱ्या बाया, बाहेर शिपाई. गावचे शहाणे लोक सांगू लागतात की एका बाईपायी गाव कशाला जाळायचे, देऊन टाका तिला. येथपर्यंत कोणीही लिहील. पण पुढे कारखान्याच्या आतल्या बायाच सोनबाईला बोलू लागतात. तुझ्यामुळे आम्ही कोंडलो, जा तू बाहेर! हे ज्याने लिहिले त्याने कधीतरी संपाचा चौथा दिवस पाहिला असला पाहिजे. पहिल्या दिवशी सगळे एक असतात. चौथ्या दिवशी घरी चूल थंड असते, आणि मग मालकापेक्षा आपल्यातल्याच पुढे झालेल्या बाईचा राग अधिक येतो. त्या वेळच्या सोनबाईचा चेहरा पाहावा. ती भाषण करीत नाही, त्यांना शिव्या देत नाही, रडतही नाही. त्यांचा राग खरा आहे हे तिला समजते, आणि तरी ती बाहेर जात नाही. शेवटी दार फुटते, अबूमियाँ पडतो, आणि त्याच बाया मिरचीची पूड सुभेदाराच्या डोळ्यांत झोकतात.

फुग्यांच्या एका कारखान्यात बायांची युनियन नुकती होत होती, तेव्हा आम्ही हा चित्रपट पगाराच्या दिवशी रात्री युनियनच्या खोलीत दाखवला. तीस-पस्तीस बाया असतील. काहींच्या कडेवर पोरे. मिरची उधळली तेव्हा टाळ्या पडतील असे आम्हांला वाटले होते, तशा त्या पडल्या. दिवे लागल्यावर पुढच्या ओळीतल्या एकीने विचारले, “भाऊ, त्या मिरची कुटणाऱ्यांना रोज किती मिळायचा?” आम्ही चित्रपट तीनदा पाहिला होता. एकदाही आम्हांला तो प्रश्न पडला नव्हता. दुसरी म्हणाली, कुटून कुटून हातांची आग होत असेल, त्यांना तेल तरी देत असतील का? मग त्यांच्यात रबराच्या वासाची, हातमोज्यांची, मोजे मिळत नाहीत याची चर्चा सुरू झाली आणि ती अकरापर्यंत चालली. शेवटची गाडी गेल्यामुळे आम्ही त्या खोलीतच झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातमोज्यांच्या मागणीचे पत्र लिहायला बसलो.